कपाट नंबर नऊमधली पुस्तके

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, वाचनालयातून निवृत्त झालेला पुस्तकबांधणीदार, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या दडपणाने नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलीला तो पुरेसा वाटत नाही, तो भाग वेगळा.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलीची. अट काही नाही. मागचा दरवाजा पावसाळ्यात फुगतो, त्याला खांदा द्यावा लागतो.

२. दाबयंत्र, सुया, दोरा वाचनालयाला द्यावा. तिथे हल्ली पुस्तके नुसती चिकटवतात. बघून जीव खालीवर होतो.

३. निवृत्त ग्रंथपालसाहेबांविषयी. मुखपृष्ठावर रॉकेट, राक्षस किंवा जादूगार दिसला की पुस्तक न उघडताच ते कपाट नंबर नऊमध्ये कोंबत. त्यात बहुतेक भुसाच होता, हे मला मान्य आहे. पण एके दिवशी त्यांनी भुशाबरोबर दाणेही रद्दीत काढले. त्यातली एकेचाळीस पुस्तके मी वाचवली. साहेब साक्षीदार असल्याने त्यांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून एक पुस्तक आजच त्यांच्या हातात दिले. वाचतील असे वाटत नाही.

४. उरलेली चाळीस मुलीला. ती कशी निवडली ते सांगतो. पुस्तक कण्यावर उभे धरून सोडायचे. वाचणारे जिथे जास्त थांबले, तिथे ते आपोआप उघडते. भुसा हमखास शेवटच्या मारामारीवर उघडे. चांगले पुस्तक मध्येच कुठेतरी, काहीच घडत नसलेल्या पानावर.

पत्नीची ओळख त्याच कपाटापाशी झाली. "शेवटी राक्षस मरतो, असलं नको," ती म्हणाली. मी एक काढून दिले. आठ दिवसांनी परत आली. "असं अजून आहे का?" पुढे एकतीस वर्षे मी शोधत होतो आणि ती वाचत होती. तितका सुखी मी नंतर झालो नाही.

५. ते पहिले पुस्तक त्या एकेचाळिसांत नाही, ते वेगळे ठेवले आहे. चंद्रावर एकटी राहून हवामानाची नोंद ठेवणाऱ्या बाईची गोष्ट. तिथे हवामानच नाही, तरी ती रोज रकाना भरते. पत्नी ते दरवर्षी वाचे. तिच्या शेवटच्या आजारपणात पाने सुटू लागली, म्हणून तिला बरे वाटावे या हेतूने मी ते नव्याने शिवले, कणा बदलला. तिने चाळले. म्हणाली, "छान झालंय हो." पुन्हा उघडले नाही.

ती गेल्यावर मी ते कण्यावर उभे धरून सोडले. मिटलेलेच आडवे पडले. माझे काम चोख होते.

ती कुठल्या पानावर थांबायची, हे एकतीस वर्षांत मी एकदाही विचारले नाही. त्याची मला लाज वाटते. गेली अकरा वर्षे वाचून वाचून ते पान शोधतो आहे. मागच्या महिन्यात पुस्तक आपोआप उघडले. पान एकशे बारा. बाई रकान्यात लिहिते, 'आजही कोणी आले नाही.' ते पान तिचे नव्हे. तिथे मीच थांबत आलो.

तेव्हा हे पुस्तकही मुलीला. "बाबा, हे पोरांचं वाचन," असे ती म्हणते, तरी वाचावे. पाने सुटली तर सुटू द्यावीत, कोणाकडून शिवून घेऊ नये. आणि ती कुठे थांबते, ते जावईबापूंनी तिला विचारावे. आज, उद्या, केव्हाही, पण विचारावे.

सही: बांधणीदार
साक्षीदार: १. डॉक्टर २. निवृत्त ग्रंथपाल (कलम तीन वाचून, नाराजीने)
ठिकाण: राहते घर
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार