मानवंदनेतली जागा

नुकुआलोफा
१२ ऑगस्ट

चि. मेलेआने,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. रविवारी चर्चनंतर तुझ्या बापाने अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून शिजवलेल्या लूवर आडवा हात मारला आणि अंगणातच घोरत पडला. तुझा प्रबंध ब्रिस्बेनहून पोचला. बांधणी छान आहे.

एवढंच लिहून थांबणार होते. पण केपू गावभर सांगत सुटलाय, "माझ्या पोरीनं प्रबंधाची सुरुवातच फाकातापूनं केली, आणि गोऱ्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या!" जणू देव, राजा, सरदार, पाद्री यांना क्रमाने मान दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे तूच शोधून काढलंस!

मीही घातला होता गं फाकातापू. वीस वर्षांपूर्वी, त्याच विद्यापीठात. माझे मार्गदर्शक हसून म्हणाले, "तेमालेती, हे नमस्कार-चमत्कार चर्चमध्ये ठेवा. प्रबंधाची एक रीत असते." मी ती दोन पानं काढली. 'मी' खोडून 'संशोधक' केलं. माझी आजी 'एक माहितीदार' म्हणून छापली गेली. आणि आता तिथेच तुला टाळ्या! माझा जळफळाट झाला. का नाही होणार?

म्हणून चुका काढायलाच चष्मा लावून बसले. पहिल्याच पानावर सापडली. देवानंतर राजा यायला हवा, तर मध्येच एक जादा ओळ! तेवढ्यावरच मी केपूला हाक मारली, "बघ, तुझ्या विदुषीला साधा क्रम येत नाही!"

त्याने पान हातात घेतलं. म्हणाला, "ताई, ओळ तरी वाचलीस का?"

'माझ्या बापाची बहीण तेमालेती, जिची दोन पानं कापली गेली, तिला वंदन.'

हे मी तुला एकदाच सांगितलं होतं, तू शाळेत असताना, चिडून. लक्षात ठेवलंस.

घरात आत्या बापाहूनही वर, हे खरं. पण फाकातापूत ती राजाच्या वर नाही बसत. डिसेंबरात तू इथे येऊन हे सरदारांसमोर वाचणार. तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण घरी जाऊन हसतील, "परदेशात शिकली आणि घरची रीत विसरली!" केपूची मान खाली जाईल.

दोन दिवस मी हे तुला कळवलं नाही. मला ती जागा हवी होती, पोरी. आणि तुझं थोडं हसं व्हावं, असंही वाटत होतं.

तेव्हा वाचताना मला खाली आण. राजा, सरदार, पाद्री, तुझे गुरुजी, सगळे होऊ देत, मग मी. ओळीतलं एक अक्षर मात्र कापू नकोस, कुणीही सांगितलं तरी. त्या दिवशी मी, मोठ्यांच्या मानासाठी नेसतात ती आजीची चटई कमरेला गुंडाळून समोर बसेन. माझा चेहरा आंबट दिसला तर दिसू दे. हेवा अजून गेलेला नाही, तू वाचायचं थांबू नकोस.

सगळ्यांच्या शेवटी, पण छापलेली,
तुझी आत्या
तेमालेती