पुतळा अजून आला नाही

थळ,
६ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पिता हिला सगुणाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

बाय, तुझी मान कशी आहे? वेल्डिंग करताना वाकून बसू नको म्हटलं तर ऐकत नाहीस. धनेशरावांचा खोकला गेला का? आणि तुझ्या बापाचा गुडघा? येसाजीदादाला सांग, पुण्याच्या लिफ्टने गुडघा बरा होत नसतो. मी धडधाकट आहे. फोनवर तू हो आत्या, हो आत्या करून मोकळी होतेस, म्हणून कागद धरला.

तुझ्या पुतळ्याची वाट बघून डोळे दुखले. किनाऱ्यावर तुझं शिल्प लागणार म्हणून मी गावभर सांगून बसले. मनुबाई रोज विचारते, भाचीचा पुतळा पुण्याहून चालत निघालाय काय. मधल्या मधे एक मात्र चांगलं झालं. सुशोभनवाल्यांचा ट्रक आला आणि आपल्या वाळवणाच्या जागेवर बोंबील टांगायच्या पोलादी दांड्या रोवून गेला. आमचे बांबू वादळात मोडले होते, कुणीतरी अर्ज केला असणार. दुसऱ्याच दिवशी आम्ही बायांनी जबड्यात जबडा अडकवून सगळ्या दांड्या भरल्या. पहिली जोडी मला टांगायला लावली. पुतळा शेजारी उभा राहिला तर त्याला वास येईल, तेवढं चालवून घे.

तुझी आत्या

पुणे,
१० नोव्हेंबर २०२५

ती. आत्याला कल्पिताचा वाकून नमस्कार.

मान दुखते. धनेशचा खोकला गेला. बाबा रोज एक जिना चढतात.

आत्या, तो ट्रक माझाच होता. त्या दांड्या हेच शिल्प. त्याला नाक-डोळे नाहीत. नाव ठेवलंय ‘रिकाम्या ओळी’. मासळी कमी होत चाललीय, एक दिवस दांड्या राहतील आणि टांगायला काही नसेल, ती धास्ती मला दाखवायची होती. तुम्ही त्या ओळी एका सकाळीत भरून टाकल्यात. धनेश आणि बाबा हसून हसून बेजार. मी रडले.

रविवारी सुशोभन समितीचे लोक बघायला येणार आहेत. माझ्या वर्गाची परीक्षा, मला निघता येत नाही. उघड्यावरचं माझं हे पहिलंच काम. पसंत पडलं तर मुरुडच्या किनाऱ्याचंही मलाच देतील. तोवर बोंबील उतरवशील ना? बाया तुझं ऐकतात.

तुझी कल्पी

थळ,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पिता, आशीर्वाद. मान शेकत जा.

मी गाढवीण खरी, पण पुतळ्याला तोंड नसतं हे तूही एका शब्दाने बोलली नाहीस. बायांनी कुरकुर न करता बोंबील उतरवले, दांड्या गोड्या पाण्याने धुतल्या. साहेबलोक फार खूश. एक बाई नाकाला रुमाल लावून का होईना, वा वा म्हणाली. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

मग एकाने वाळूवर फक्कीची रेघ मारली. इथून जाळीचं कुंपण, आत कुणी यायचं नाही, म्हणाला. आमची वाळवणाची सगळी जागा त्या रेघेच्या आत. भर हंगाम, ओले बोंबील ओट्यावर पडून, निम्मे कुजले. मनुबाई म्हणाली, कल्पीला रिकाम्या दांड्या दाखवायच्या होत्या ना, झाल्या आता. ते बोलणं काट्यासारखं घशात अडकलंय.

कुंपणाला तुझी सही लागते म्हणे. करू नको असं माझ्या तोंडून निघत नाही, कर असंही निघत नाही. नुसती घरात-दारात करते. काय ते लिही.

आत्या

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याला नमस्कार.

मनुबाईकाकींचं बोलणं मलाही लागलं. ज्याची भीती दाखवायला निघाले, ते मीच करून ठेवलं असतं. सही दिली नाही. जाळी नको, बाया दांड्या वापरतील, असं कळवलं. उत्तर आलं की मग ते शिल्प धरता येणार नाही. माझ्या नावाची पाटी काढतील, मुरुडचं काम दुसऱ्याला देतील. धनेश म्हणतो, घाई केलीस. असेलही. तेव्हापासून हातात काही काम टिकत नाही, सुरू करते आणि ठेवून देते.

बोंबील टांगा. एवढ्यात तिकडे यायला सांगू नको. रिकामं बघायची माझी तयारी होती, भरलेलं बघवेल की नाही ठाऊक नाही.

कल्पी

थळ,
५ डिसेंबर २०२५

चि. कल्पिता हिला आत्याचे आणि या खेपेला सगळ्या बायांचे आशीर्वाद.

पाटी काढून नेली. समितीचा माणूस परवा पुन्हा फोटो काढून गेला. दांड्याही उपटून नेतात की काय, म्हणून ट्रक वाजला की आम्ही सगळ्या दारात येतो.

आता एक कडू सांगते. दांड्या चुकल्यात. वरची फार उंच. मनुबाई टोपलीवर चढली ती धाडकन वाळूत बसली आणि तिथूनच तुझ्या नावाने ओरडली, ही कल्पी स्वतःच्या उंचीने माप घेते काय. खालच्या दोन इतक्या जवळ की बोंबलांना वारा लागत नाही. पलीकडच्या आळीच्या बायांनाही अशा हव्यात, पण आधी या नीट कर, मग बघू म्हणतात. त्या रुमाल लावून वा वा करणाऱ्या नाहीत. तोंडावर बोलतील, आणि बोलतच राहतील.

म्हणून तुझं ‘नको’ ऐकून न घेता ‘ये’ म्हणते. वेल्डिंगचं सामान आण, दादालाही आण. कधी निघतेस ते लगेच लिही. बायांनी हात वर करून आपापली मापं माझ्या भिंतीवर खडूने मारून ठेवलीत, आणि या खाऱ्या हवेत खडू फार दिवस टिकत नाही.

तुझी सगुणाआत्या