मशीनने तारीख विचारली नाही

मंगळवार, ७ जून १९८८

कालचं वाक्य खोडते. लिहिलं होतं, ‘तारीख घालायची राहिली, चूक माझी.’ राहिली नव्हती. मशीनने ती विचारलीच नाही.

आधी सकाळी बटण दाबलं की पहिला प्रश्न तारखेचा. मी ती घालायची, मग बाकीचं काम. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. मालकांना गोदामातला औषधांचा साठा बटण दाबल्या दाबल्या समोर हवा होता, म्हणून त्याने सुरुवातीची एक फाइल करून ठेवली – ऑटोएक्झेक. म्हणाला, “मशीन ही फाइल वरून खाली वाचतं, ताई, आणि लिहिलंय तेवढंच करतं. उलट प्रश्न नाही. सून अशी मिळायला हवी.” मी हसले नाही.

ती फाइल असली की मशीन आपणहून तारीख विचारत नाही. विचारायला हवी तर फाइलमध्ये तशी ओळ लागते. त्याने ती घातलीच नाही. त्यामुळे मशीनच्या लेखी रोज सकाळी १ जानेवारी १९८०! बिलावरची तारीख मी वेगळी टाइप करते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि १९८० साली आमच्या गोदामातलं एकही औषध जुनं झालेलं नाही. मुदत संपलेल्या मालाची यादी काल कोरी आली ती अशी. मालक खूश होते.

बुधवार, ८ जून

मलाच नीट समजलं नसेल तर? घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नाही, विचारणार कुणाला? आज तारीख हाताने घातली आणि यादी पुन्हा काढली. दोन पानं भरली. अगदी वर लहान मुलांचं तापाचं औषध – मुदत मार्चमध्ये संपलेली. तरी गोदामात जाऊन बाटली पाहिली. मार्चच.

पानं मालकांपुढे ठेवली. त्यांनी घडी घालून खणात टाकली.

“कंपनी परत घेत नाही. मार्च काय नि जून काय, विष होतं का त्याचं?”

“मग आपण यादी कशाला काढतो?”

“मशीन विचारत नाही, तू कशाला विचारतेस?”

हे वाक्य दिवसभर डोक्यात. कारण मी मशीन नाही, हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. नेहमीचंच.

गुरुवार, ९ जून

फाइलला हात लावायचा नाही, असं मालकांनी बजावलं. बाबा किती वर्षं त्यांच्याकडे गाडी भरतायत याचीही आठवण करून दिली. अगदी गोड आवाजात.

शनिवार, ११ जून

तापाच्या औषधाची खोकी दाराशी रचली आहेत. सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्यात जाणार. मालक म्हणाले, बिल कर.

मी नाही म्हणाले.

“नोकरी नको झालीय का?”

“हवी आहे. पण हे बिल मी करणार नाही.”

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. सोमवारी बिल ते स्वतःच करणार आहेत.

करू देत. कुलूप मी उघडते. त्यांच्या आधी मशीन मी लावते. फाइलमध्ये सगळ्यात वर एकच ओळ घालणार, तारीख विचारायची. मग यादीच्या दोन प्रती. एक त्यांच्या टेबलावर, एक दवाखान्यात, मी स्वतः नेऊन देणार. लपवाछपवी नको, म्हणजे नंतर मलाच टोचत राहणार नाही. माझी नोकरी जाईल, ते धरूनच चालले आहे. पण बाबांची?

रविवार, १२ जून

बाबांना सगळं सांगितलं. खांद्यावरचं फडकं काढून घडी घालत बसले. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मला वाटलं, आता नको म्हणतील.

म्हणाले, “गाडी मीच भरतो ना? कुठली खोकी उचलायची नाहीत तेवढं सांग. मला वाचता येत नाही, खडूने खूण कर.”

खडू पिशवीत टाकलाय. उद्या मशीन तारीख विचारेल. मी खरी घालीन – सोमवार, १३ जून १९८८.