डाग गेला की हात काढायचा

बाबा, आज सकाळी आई मला ओळखून रागावली. गॅसवर दूध ठेवून मी मोबाइल बघत होतो, तर मागून आवाज आला, "अरे बाबू, लक्ष कुठे असतं तुझं? बापावर गेलायस अगदी." दूध उतू गेलं होतं. ओटा पुसताना मला इतकं बरं वाटत होतं, की कोरडा झाल्यावरही मी पुसतच होतो.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आईला विसर पडायला लागला. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. तेव्हापासून मी तिची प्रत्येक चूक दुरुस्त करायचो. आई, आज मंगळवार नाही, बुधवार. हा भाजीवाला नाही, इस्त्रीवाला. ती म्हणायची, "तू माझा मुलगा आहेस की मास्तर?" पण एक चूक तशीच सोडली तर तिथून सगळंच पसरत जाईल, अशी मला धास्ती असायची. मग मागच्या महिन्यात ती अचानक दारात उभी राहून म्हणाली, हे आपलं घर नाही. मला ओळखेना. दिवसभर झोपून राहायला लागली. जवळच्याच बेव्हर्ली पार्कहून ताई धावत आली. रडून झाल्यावर म्हणाली, "वरसाव्याकडे एक केंद्र आहे, तिथे अशा माणसांना ठेवून घेऊन सांभाळतात, मी विचारून आलेय. तुला एकट्याला नाही झेपायचं." मी एवढंच म्हणालो, आधी डॉक्टरांना दाखवू.

तपासणीत निघाला लघवीचा संसर्ग. डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात. कचरा दिसला की त्या तो उचलतात आणि निरोप पाठवून आणखी पेशींना कामाला लावतात. या आजारात ते निरोप थांबतच नाहीत. सूज राहते, आणि साफ करता करता चांगले धागेही कुरतडले जातात. त्यात अंगात दुसरीकडे कुठे संसर्ग झाला, की त्याची वर्दी मेंदूपर्यंत जाते आणि त्या पेशी आणखी खवळतात. ताईने विचारलं, "मग त्या मारायचं औषध नाही का?" बाई म्हणाल्या, "माराल तर कचरा कोण उचलेल? त्यांना वेळेवर थांबवता कसं येईल, ते शोधणं चालू आहे. ते औषध आज माझ्याकडे नाही. संसर्गाचं आहे. तो गेला तर आई आधीच्या जागेपर्यंत बऱ्यापैकी परत येऊ शकतील."

ताईला किती कळलं माहीत नाही. मला मात्र आपला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा दिसला. दहावी अर्धवट टाकून मी तुमच्या हाताखाली आलोय, पॉलिशचं चाक फिरतंय, आणि मी एका टोपाचा काठ त्यावर धरून बसलोय. डाग कधीच गेलाय, पण मला तो अजून दिसतोय. तुम्ही चाक बंद करता. तोंडावरच्या काळ्या भुकटीतून तुमचे फक्त डोळे दिसतात. काठ बोटाने दाबून दाखवता, तो वाकतो. "डाग गेला की हात काढायचा. आता तू भांडं खातोयस." संध्याकाळी तोच टोप तुम्ही कागदात गुंडाळून आईला दिलात. "घे, तुझ्या लेकाची पहिली कमाई." आई इतकी हसली होती. ती अजून त्यातच चहा करते.

औषध संपता संपता ती परत आली. पूर्ण नाही, किल्ल्या फ्रीजमध्ये सापडतात, ते चालूच आहे. पण परवा ताईला म्हणाली, "काय गं, बारीक झालीस, की माझाच चष्मा बिघडलाय?" ताई वरसाव्याचं नाव आता काढत नाही. आणि मी हात काढायला शिकतोय. मंगळवार तर मंगळवार.

आज संध्याकाळी तिने त्या वाकड्या काठाच्या टोपात चहा केला, सुंठ घालून, साखर जास्त, आणि तीन कप भरले. म्हणाली, "हे येतीलच आता गाळ्यावरून." पूर्वीचा मी असतो तर लगेच सांगितलं असतं. आज गप्प बसलो. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून इथेच कबूल करतो. ती देवाजवळ दिवा लावायला वळली, तेव्हा तुमचा कप मी पिऊन टाकला. साखर अगदी तुमच्या मापाची होती.