कर्नलसाहेबाच्या मापाचा कोट

१ जानेवारी १९५८, बुधवार

डायरी १९५६ची आहे. फोर्टातलं दुकान बंद करून मालक विलायतेला गेले तेव्हा कोरीच पडली होती. छापलेले वार खोडून वापरणार.

त्या दिवशी जो तो काहीतरी घेऊन गेला. कोणी इस्त्री उचलली, कोणी आरसा. मी पॅटर्न घेतले. कोट बेतायचे खाकी कागदाचे नमुने, साहेबलोकांच्या मापाचे बत्तीस संच. प्रत्येकावर नाव आणि छाती. बाकीचे हसले. हसोत बापडे. गाढवाला गुळाची चव काय!

नव्या वर्षाचा संकल्प: आपल्या जीवनाला आणि आपल्या हाताच्या वळणाला साजेसे तेवढेच पॅटर्न निवडून ठेवायचे आणि स्वतःचं काम सुरू करायचं. दारावर पाटी लावायची, 'दत्ताराम सावंत, इंग्लिश कटर'. बावीस वर्षं कटिंगच्या टेबलाशेजारी काढली आहेत. शेजारी म्हणजे खिडकीत. काजं करायला उजेड लागतो. पण नजर कायम कात्रीवर होती.

४ जानेवारी

निवड केली. मॉर्निंग कोट: मागे दोन शेपट्या. पाटावर बसल्यावर त्या कुठे घालायच्या हा प्रश्न आहे, पण सुटेल. ठेवला. डिनर जॅकेट: जेवतो आपणही. ठेवलं. घोड्यावर बसायची ब्रीचेस: मुंबई महाराष्ट्राला मिळाली की मराठी अधिकारी घोड्यावर बसणारच. ठेवली.

बत्तीसपैकी बत्तीस राहिले. निवड कडक केल्याचं समाधान आहे.

सौ. म्हणाली, फडताळात घालायला एखादा मोठा कागद द्या. मी सगळे संच उशाशी घेऊन झोपलो.

१८ जानेवारी

सौ.बद्दल एकदा लिहून टाकतो. बारा वर्षं ती दारापाशी मशीन घालून चाळीतल्या बायकांची पोलकी आणि पोरांच्या चड्ड्या शिवते. दुकान बंद झाल्यापासून घर त्याच्यावर चालतं, म्हणजे तात्पुरतं. तिचा पॅटर्न काय, तर कालचं वर्तमानपत्र. माप काय, तर गिऱ्हाइकाला चहा द्यायचा आणि ते कसं बसतं, कप कुठल्या हाताने उचलतं ते बघायचं. टेप गळ्यात असते, ती नुसती शोभेला. याला शास्त्र म्हणत नाहीत.

आज शेवंती पोलक्याचं कापड घेऊन आली. खालच्या मजल्यावरची, गिरणीत वायंडिंग खात्यात सूत गुंडाळते. सौ. पाण्याला गेली होती. मीच कापलं. बत्तीसांत एकच बायकी पॅटर्न आहे, कोण्या मेमसाहेबाचा. बाही काय सुंदर!

२३ जानेवारी

शेवंतीने पोलकं परत आणलं. हात वर जात नाही म्हणे. मी समजावलं की या बाहीत हात वर न्यायचा नसतो. ती म्हणाली, तुमच्या मेमसाहेबाला आमच्या खात्यात उभी करा, मग सांगा. अख्खा जिना ऐकत होता. सौ.ने काखेत जादा कापडाची चौकट घालून तिला वाटेला लावलं.

नियम लिहून ठेवतो: कपडा चुकत नाही, माणूस चुकतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आमच्या नलूला बघायला फणसवाडीची मंडळी आली होती. मुलगा जगदीश, गिरगावात छापखान्यात कंपॉझिटर, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. अंगाने किरकोळ, पण डोळे चांगले. आधीची तीन स्थळं नुसते पोहे खाऊन गेली. या वेळी नलूनेच आईच्या कानात होकार सांगितला. पोर लाजली तेव्हा मला फार बरं वाटलं.

मुलाच्या आईने, सुंदराबाईंनी, मी काय करत होतो विचारलं. मी हेड कटर म्हणालो. आपसूकच आलं तोंडात. सौ.च्या हातातली बशी जरा थांबली, मग पुढे गेली.

वरपोशाखाचा विषय निघाला. मी सांगून टाकलं की जावयाचा कोट मी स्वतः कापणार. सुंदराबाई खूश. म्हणाल्या, साहेबांचे कोट कापणाऱ्या हाताचा कोट, अख्ख्या फणसवाडीला सांगते. सांगोत. मालकांनी जाताना दिलेली काळी सर्ज, कोटाचं लोकरी कापड, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत आहे. तिचं सोनं होईल.

२ मार्च

पॅटर्न निवडला. जगदीशची छाती चौतीस. माझ्याकडचा सर्वांत लहान साहेब चाळीसचा, पण तो साधा कारकून होता. जावयाला कारकुनाचा कोट? कर्नलसाहेबाचा घेतला, शेहेचाळीस. लग्नानंतर माणूस भरतोच.

सौ.चं मत न विचारताच आलं. कंपॉझिटर दिवसभर खिळ्यांच्या घरांवर उजवा हात फिरवतो, त्याचा उजवा खांदा पुढे आणि किंचित खाली आलाय, बाही त्या हिशेबाने लावा. मी म्हणालो, अक्षता पडत असताना तो खिळे जुळवणार नाही.

१६ मार्च

कापणं पुढे ढकललं. काल हरताळ होता, आज उकाडा. कात्रीला धारही लावायची आहे. मोठ्या कामाला मन स्वच्छ हवं.

शेजारच्या खोलीतला वसंत आला होता. समितीचं काम करतो. पाटी रंगवून देईन म्हणाला, पण 'इंग्लिश कटर' लिहिणार नाही. एकशे पाच हुतात्मे झाले आणि तुम्हाला इंग्लिश हवंय का, असं वर विचारलं. मग म्हणाला, निदर्शनांना काळी निशाणं हवीत, घरात काळं कापड आहे का. मी ट्रंकेवर जाऊन बसलो.

६ एप्रिल, रविवार, सकाळी ९

आज कापणार. नारळ फोडला. सौ. आणि नलूला दादरला मावशीकडे पाठवलं. बायकांच्या नजरेने हात बिचकतो.

दुपारी १

कर्नल फार रुंद. सर्जची घडी घालून दोन थरांत पॅटर्न मावेना. म्हणून घडी उलगडून एकेक भाग सुटा कापला. सोपं गेलं. लोक उगाच बाऊ करतात.

दुपारी ४

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या आहेत.

दुसऱ्या वेळी कागद पालथा घालायचा राहिला. घडीत कापलं की ते आपोआप होतं. बावीस वर्षं बघितलं होतं, पण ते कशासाठी असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर कटर लोक फार आतल्या गाठीचे.

कापड उलटं करून पाहिलं. सर्जची उलटी बाजू लपत नाही. भीती वाटली. सौ. आली तेव्हा उत्तम झालं म्हणून सांगितलं.

१३ एप्रिल, रविवार

जगदीश ट्रायलला आला. कच्चे टाके घालून ठेवलेच होते. वाटलं होतं, अंगात घातल्यावर बाही वळेल. बाही वळली नाही, जावई वळला. उजवा हात मागे, खांदा वर, आणि कोटाच्या आत आणखी एक जगदीश मावेल एवढी जागा. मुलगा इतका सज्जन की छान आहे म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

तो गेल्यावर नलू गॅलरीत जाऊन रडली. मी विचारायला गेलो. म्हणाली,

"बाबा, खरं सांगा. तुम्ही कधी कापड कापलंय?"

आजकालच्या मुलींना बापाशी कसं बोलावं कळत नाही. तसं तिला बजावलं. बजावताना मात्र मी गॅलरीच्या कठड्याकडे बघत होतो.

१५ एप्रिल

सौ.ने कोट उसवला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. पहिल्या पानावर सभेची बातमी होती, तिच्या मधूनच खडूने गळा काढला. जगदीशला तिने कधी टेप लावली नाही. तो चार वेळा इथे चहा प्यायला, तेवढंच. त्या कागदावरून माझे तुकडे पुन्हा कापले. कर्नलच्या पाठीच्या फाजील रुंदीतून उजवी बाही निघाली, जराशी पुढे झुकलेली.

मी मुद्दाम सढळ कापलं होतं ते असं उपयोगी पडलं. हे मी बोलूनही दाखवलं. मशीन चालू होतं, तिला ऐकू गेलं नसावं.

उरलेल्या पट्ट्या वसंत घेऊन गेला. आमच्या गॅलरीत आता काळी निशाणं लटकतायत. जाणारा येणारा म्हणतो, कापड भारी आहे.

२ मे

कोट तयार झाला. जगदीश घालून बघून गेला. हात वर, हात खाली, सगळं झालं. नलू हसली. मी तेव्हा जिन्यात उभा होतो.

तो गेल्यावर सौ.ने कोट माझ्या मांडीवर ठेवला, वर सुई आणि रेशीम. तिच्या कामात काजं ती स्वतःच करते, म्हणून विचारलं हे काय. ती मालवणी फक्त मनातलं बोलताना बोलते.

"काजां तुमी करा. तुमच्यासारखा काज आख्ख्या लालबागेत कोणाक येणा नाय."

मी म्हणालो, हेड कटर काजं करत नाही. ती म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ताट धरलंत तेव्हाच बोट बघितलं. सुईने असे घट्टे फक्त काजवाल्याच्या बोटाला पडतात. मग उठून भात टाकायला गेली.

वीस वर्षं. वीस वर्षं मी रोज जेवताना हिला सांगत होतो की आज अमक्या साहेबाचा कोट कापला, आणि ही वाढत होती. एकदा तरी हसायची होतीस बाई. राग आला, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना.

खिडकीत बसलो. पुढची तीन केली, चौथं कॉलरवरचं. सगळी सरळ आली. इतकी चांगली फोर्टातही आली नव्हती. ठरवलं आहे, लग्नात लोकांनी निरखून पाहिली की सांगायचं, ही मी केली. एवढंच सांगायचं, जास्त नाही.

११ मे, रविवार

नलूचं लग्न झालं. जाताना आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. कोट उत्तम बसला होता. सुंदराबाई जो भेटेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, व्याह्यांनी स्वतः कापला, फोर्टाचे हेड कटर. लोक येऊन हात हातात घेत होते. मी मान डोलावत होतो. सौ. समोरच पंक्तीत पाणी वाढत होती. तिने ऐकलं. पुढच्या पानावर पाणी वाढलं.

काजं कोणी पाहिली नाहीत. उकाडा भयंकर, जावईबापूंनी कोट दिवसभर उघडाच ठेवला. फोटोच्या वेळी मी पुढे होऊन म्हणालो, बटणं लावा. त्याने तिन्ही लावली. मग फोटोवाल्याने गळ्यात दोन जाड हार घालायला लावले.

चौथ्या काजावर गुलाब होता.