तीवीच्या वाटेवरची होडी

प्रिय ताई,

फोनवर आपलं बोलणं व्हिसा, तिकीट आणि तब्येत यापाशी येऊन थांबतं, म्हणून लिहायला बसलो. आईला जाऊन महिना होत आला. इथे ओमानमध्ये, वादी अदाईच्या घरात तिची खोली होती तशीच आहे. रश्मी सकाळी सासूची खिडकी उघडते, संध्याकाळी लावते, एवढंच.

दहनासाठी तिला सोहारला नेलं, आपली स्मशानभूमी तिथेच. रुवीतली, माबेल्यातली आपली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत आली होती. घरून निघताना गल्लीत ओमानी बायका गोळा झाल्या आणि सूरहून एक मच्छीमार आला, साधारण माझ्या वयाचा. तो माझा हात धरून म्हणाला, "मी तिच्याच हातात जन्मलो, असं माझी आई सांगायची."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं. तू नव्हतीस, म्हणून काय बोललो ते तुला सांगतो. मंडणगडच्या डोंगरातून अनवाणी शाळेला जाणारी पोर, जिला वर्गाच्या दाराशी बसवत. ती मुंबईत नर्स झाली. पेपरातली ओमानची जाहिरात बघून बाबांना म्हणाली, की तुम्ही नाही आलात तरी मी जाणार. बाबा आले, सूरच्या दवाखान्याच्या भांडारात नोकरीला लागले आणि जन्मभर "मंगलाचा नवरा" म्हणून ओळखले गेले, तेही हसतमुखाने. तेव्हा सूरहून वर तीवीसारख्या किनाऱ्याच्या गावांना रस्ता नव्हता. आई होडीने जायची, कधी गाढवावर, कधी उंटाच्या मागून चालत. एकदा लाटांनी होडी हेलकावत असताना तिने भर समुद्रात बाळंतपण केलं, आणि नंतर स्वतः दिवसभर उलट्या करत पडली. पन्नाशीत गाडी शिकली. चार नर्सना घेऊन सलालाला निघाली, वाळवंटात टायर फुटलं, तर साडी खोचून तिने स्वतः बदललं. सोनल माझ्या शेजारी बसली होती. तिचं मराठी तुला ठाऊक आहे. घरी आल्यावर म्हणाली, "पप्पा, आजी अशी होती, हे मला आधी का नाही सांगितलं?" तिने पाहिली ती फक्त खुर्चीत बसलेली आजी.

गोनू वादळाचं मात्र सभेत बोललो नाही. एरवी कोरड्या असणाऱ्या वादीच्या पात्रातून पाणी घरात शिरलं तेव्हा आई निवृत्त झालेली होती. तिने शेजारच्या हवाबीच्या घरातल्या सगळ्यांना आपल्या गच्चीवर चढवलं. हवाबीची सून दिवस भरलेली. खाली गाड्या वाहून चालल्या होत्या आणि वर ताडपत्रीखाली आईने तिला मोकळं केलं. तेव्हापासून हवाबी, ही बलुची बाई, आईला बहीण मानते. तिला अरबी येतं, हिंदीही छान येतं. पुढे तेच आमच्या उपयोगी पडलं.

कारण, ताई, शेवटच्या चार-पाच महिन्यांत आईचं मराठी गेलं. हे तुला फोनवर सांगवलं नाही. आधी नावं गेली, मग वस्तू, मग एका सकाळी ती माझ्याशी अरबीत बोलायला लागली आणि परत मराठीत आलीच नाही. माझी अरबी ऑफिसपुरती, यल्ला-खलास. तिची होती सूरच्या बायकांची, बाळंतिणीच्या खोलीतली. माझी आई माझ्यासमोर बसून काहीतरी कळवळून सांगायची आणि मी मान हलवायचो. ती ओळखायची की मला कळत नाहीये. मग भिंतीकडे तोंड करायची.

एक दिवस रश्मी हवाबीला घेऊन आली. हवाबीने पलंगाशी बसून बराच वेळ ऐकलं, आणि मला हिंदीत म्हणाली, "ती होडीत आहे. तीवीला निघाली आहे. कुणी बाई दोन दिवस अडली आहे तिथे. नाखव्याला सांगते आहे, होडी वळव, माझी मुलगी घरी तापाने फणफणली आहे. मग म्हणते, नको, जाऊ दे पुढे. मग परत म्हणते, वळव."

रोज तेच. वळव. नको. वळव.

बाबा गेले तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "मी सहा वर्षांची, अंग भाजत होतं, आणि आई बॅग उचलून निघाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही." समुद्र खवळला म्हणून ती लवकर परतू शकली नाही, आणि त्याच वर्षी शाळेसाठी तुला मायदेशी मावशीकडे पाठवलं. तुझ्या मनात दोन्ही एकच झालं, आईने तुला टाकणं. मला तरी काय माहीत होतं? आईने या गोष्टीचा कधी उच्चारही केला नव्हता. पन्नास वर्षं ती त्याच होडीत बसून होती, ताई, आणि आपल्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

एका दुपारी आई फारच अस्वस्थ झाली, उठून उतरायला बघू लागली. हवाबीने तिचे दोन्ही हात धरले आणि शांतपणे काहीतरी सांगितलं. आईने एक प्रश्न विचारला. हवाबीने उत्तर दिलं. आई आडवी झाली आणि झोपली. त्यानंतर तिने होडीचं नाव काढलं नाही, आणि त्याच आठवड्यात गेली.

मी हवाबीला विचारलं, काय बोललीस? ती म्हणाली, "मी सांगितलं, होडी वळली, आपण घरी पोचलो. मुलीचा ताप उतरलाय. तिने विचारलं, माझ्यावर रागावली आहे का? मी म्हटलं, नाही, तुझी वाट बघता बघता झोपली."

हे उत्तर खरं तर तुझं होतं. तुला न विचारता तुझ्या वतीने दिलं गेलं, आणि आई त्यावर विश्वास ठेवून गेली. ते खरं होतं की खोटं, हे मी तुला कधीच विचारणार नाही. पण असं उत्तर दिलं गेलंय, हे तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र.

तुझाच,
सागर