कोरम

३० जुलै
पंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेचे विषय लागलेत. आरोग्य उपकेंद्राची जागा स्टँडवरून नाल्यापलीकडे! स्टँडवर गाळे काढायचेत म्हणे. नाला भरला की नर्सबाई तिकडं, गाव इकडं. आणि मला सातवा लागलाय.

१ ऑगस्ट
जेवताना सासऱ्यांजवळ विषय काढला. म्हणाले, ग्रामसभेच्या कोरमला शंभर माणूस लागतो, तो कधी जमतच नाही. सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग आठ-दहा जण बसून हवं ते मंजूर करतात. "आपल्या म्हनन्यानं काय होते, वैभवी?" रागच आला.

४ ऑगस्ट
जमीलाचाची बांगड्या विकायला घरोघरी जाते. आज तिच्यासोबत फिरले. बारा घरं. उपकेंद्र स्टँडवरच पाहिजे, सगळ्यांनाच. आणि सगळे शब्दही तेच बोलतात — आमी येऊ, पन बाकीचे कुठं येतात? बाराच्या बारा!

७ ऑगस्ट
आता काय पाहिजे ते विचारतच नाही. कोण कोण येणार तेवढं सांगते. तुळसाबाई येणार, देवला येणार, मशिदीजवळची चार घरं येणार. नावं ऐकली की माणूस जरा थांबतो. मग म्हणतो, माझंही लिही. चाळीस झाले. पाय सुजलेत. उद्या पुन्हा.

१५ ऑगस्ट
सभेला अठ्ठ्याऐंशी आले. फक्त बारा कमी.
ग्रामसेवकांनी अर्धा तास वाट पाहिली, मग रजिस्टरमध्ये 'तहकूब' लिहिलं. लोक उठायला लागले. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात चाची उभी राहिली. सभेत ती कधी बोललेली नाही.
"साहेब, तहकूब सभेले कोरम लागत नाही ना? मंग आमी समदेच येतो. तारीख आताच लिहा."
उठलेले परत बसले. तारीख लिहून होईपर्यंत कोणी हललं नाही. सरपंच मोबाइल बघत होते.

१६ ऑगस्ट
सासरे सकाळीच तुळसाबाईच्या गल्लीत सांगायला गेले.

२२ ऑगस्ट
एकशे एकेचाळीस! दोनदा मोजले. पंचायतीत मावेनात, म्हणून सभा शाळेच्या मैदानात घेतली. हात वर झाले ते मला मागून दिसले, कारण पुढं जागाच नव्हती. ठराव झाला — उपकेंद्र स्टँडवरच. सरपंच म्हणाले, पाहू पुढं. आम्हीही पाहू.

९ ऑक्टोबर, मालेगाव
मुलगी झाली. आज तीन दिवसांची आहे. चाचीचा फोन आला. मी इकडं माहेरी असताना सरपंचांनी विशेष सभा लावली, तोच विषय घेऊन. विचारलं, घरोघरी कोण फिरलं?
"कोनीच नाही फिरलं, वैभवी. समदे आपआपले आले."